पायरी, बहुतेक

दाजी म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस, असं सगळे म्हणत. गंमत अशी, की दाजींचं पोट भरायचं ते उलटं चालून. लोकांची घरं आणि दुकानं इथून तिथे हलवून द्यायचा त्यांचा धंदा. कपाट जिन्यावरून उतरवायचं तर दोन माणसं लागतात. वरचा कपाटाच्या डोक्याला धरतो आणि पुढे बघत उतरतो. खालचा कपाटाचं बूड पेलतो आणि पाठमोरा उतरतो. दाजी कायम खाली. खालच्याला पायरी दिसत नाही, डोळ्यांसमोर नुसतं लाकूड. मान वळवून बघावं तर खांदा वळतो, खांदा वळला की कपाट कलतं, आणि कपाट एकदा कललं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून खालच्याने बघायचं नसतं, ऐकायचं असतं.

वरून सांगायचं काम त्यांच्या मेहुण्याचं. खरं तर ते या एकट्याचेच दाजी, पण याने हाका मारमारून त्यांना अख्ख्या रस्त्याचे दाजी करून टाकलं होतं. मेहुण्याचं कागदावरचं नाव काहीतरी बरं होतं, पण ते आता त्यालाही ओळखीचं वाटत नसावं. सगळे त्याला पुड्या म्हणत. पुड्या सोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा म्हणे त्याने एका न्यायाधीशांचं कपाट खाली आणलं, दार उघडलं, तर आत न्यायाधीश. त्यांनी डोळे चोळले, "पुढची तारीख" म्हणाले आणि दार लावून घेतलं. लहानपणी पुरात एका म्हशीने त्याचा जीव वाचवला होता. कधी त्याने म्हशीचा वाचवलेला असे. समोर ऐकणारा कोण आहे त्यावर ते ठरायचं.

पण जिन्यावर पाऊल पडलं की हाच पुड्या दुसरा माणूस होई. जिन्यावर त्याच्याकडे चारच शब्द. पायरी. वळण. टेका. संपल्या. दाजींनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता की जिन्यावर पाचवा शब्द बोलायचा नाही, आणि पुड्याने तो कधी मोडला नव्हता. तो 'पायरी' म्हणाला की दाजी पाय खाली सोडत आणि तिथे पायरी असे. 'संपल्या' म्हणाला की सगळा भार टाचेवर टाकत, आणि तिथे जमीन असे. यात काही विशेष आहे असं दाजींच्या कधी मनातही आलं नाही. दर वेळी पायाला जमीन लागली की माणूस जमिनीचे आभार थोडेच मानतो?

हे सगळं बिघडलं ते चष्मेवालीमुळे. म्हणजे खरं तर दाजींमुळेच, पण ते पुढे येईल.

चष्मेवालीचं दुकान कोपऱ्यावरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. पुड्या तिच्याकडे काळा चष्मा घ्यायला गेला. तिने रिवाजाप्रमाणे भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. पुड्याने सगळ्या ओळी घडाघडा वाचल्या आणि त्याखाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता म्हणून तोही वाचला. तिने शांतपणे तक्ता उलटा, कोरी बाजू पुढे करून टांगला आणि म्हणाली, "आता वाचा." पुड्याने तेच्या तेच पुन्हा म्हणून दाखवलं, पत्त्यासकट. ती इतकी हसली की तिला स्वतःचाच चष्मा काढून पुसावा लागला.

"लोक वयाबद्दल बोलत नाहीत इतकं खोटं डोळ्यांबद्दल बोलतात," ती म्हणाली. "पण तुमच्यासारखं निवांतपणे बोलणारं कुणी बघितलं नव्हतं."

त्यानंतर पुड्याच्या चष्म्याची काडी दर आठवड्याला सैल होऊ लागली. काही महिन्यांनी ती काडी सैल असो वा नसो, तो तिथे सापडू लागला. दाजींची बायको, म्हणजे पुड्याची ताई, सून घरात आल्यासारखी खूष होती. भावाचं वय उलटून चाललं होतं आणि आजवर ज्या ज्या मुली आल्या त्या म्हशीच्या गोष्टीपाशी येऊन परत गेल्या होत्या. ही मात्र म्हशीची पुढची गोष्ट विचारत होती.

एके दिवशी चष्मेवाली दाजींच्या अंगणात येऊन उभी राहिली. दाजी एका उलट्या खोक्यावर बसून पट्ट्याचं बक्कल दुरुस्त करत होते. त्यांनी दुसरं खोकं पुढे सरकवलं.

"दाजी, मी आडपडदा न ठेवता विचारते," ती म्हणाली. "त्याने मला लग्नाचं विचारलंय. तो सांगतो ते ऐकायला मला फार आवडतं. पण घर करायचं म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही. तुम्ही त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखता, आणि तुमचा शब्द इथे सगळे मानतात. तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन. त्याच्यावर भरवसा ठेवावा का?"

दाजींनी बक्कल लावलं. मग काढलं. हो म्हणावं, तर उद्या हिला ती म्हैस, तो न्यायाधीश, सगळंच हवेतलं आहे असं कळणार, आणि आयुष्यभर जपलेला आपला शब्द मातीत जाणार. नाही म्हणावं, तर बायकोचा पाठचा भाऊ, स्वतःच्या हाताखाली वाढवलेला पोरगा. दाजींनी बक्कल पुन्हा लावलं. ती वाट बघत होती.

"तब्येत चांगली आहे त्याची," दाजी शेवटी म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली. खोक्यावरून उठली. "कळलं."

ती गेल्यावर दाजींना वाटलं की धावत जावं आणि सांगावं, बाई, जे कळलं ते मी बोललोच नव्हतो. पण बोललेला शब्द मागे घेता येतो. न बोललेला कसा घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते तसेच मूग गिळून बसले.

त्याच संध्याकाळी चष्मेवालीने पुड्याला नको म्हणून सांगितलं.

पुड्या घरी आला, जेवला, ताट उचललं आणि झोपला. दुसऱ्या दिवसापासून त्याने पुड्या सोडणं बंद केलं. अगदी पूर्ण. आधी सगळ्यांना वाटलं, चला, पोरगा सुधारला. पण ते सुधारणं घराला महागात पडू लागलं.

"जेवण कसं झालंय?" ताईने विचारलं.

"मीठ जास्त आहे."

ताईने डाव खाली ठेवला. नवीन कपडा अंगावर धरून म्हणाली, "बरं, हा रंग मला कसा दिसतो?"

"ठीक."

"नुसतं ठीक? गेल्या वर्षी याच रंगाला तू म्हणाला होतास, ताई, तू बाहेर पडलीस तर रस्त्यावरच्या गाड्या थांबतील."

"थांबल्या नाहीत, ताई. मी बघत होतो."

गिऱ्हाइकांचीही तीच गत. एका बाईंनी सहज विचारलं, "फ्रिजला ओरखडा नाही ना पडणार?" पुड्याने फ्रिजकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "पडू शकतो." बाईंनी दुसऱ्याला बोलावलं. टेम्पोत त्याच्या शेजारी बसायला लोक एरवी भांडत, ते आता मागे सामानात बसू लागले. दाजींना तर जेवताना पोरकं झाल्यासारखं वाटे. त्या म्हशीचं पुढे काय झालं, हे विचारायची त्यांना कितीदा तरी इच्छा झाली, पण कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि मग ते जिन्यावर आलं.

एका डॉक्टरांचं जुनं, भरभक्कम कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवत होते. दाजी खाली, पाठमोरे. खांद्यावर पट्टा, नाकासमोर लाकूड.

"पायरी," वरून आवाज आला. दाजी उतरले.

"पायरी." उतरले.

"पायरी... बहुतेक."

दाजींचा उजवा पाय हवेतच राहिला. 'बहुतेक' हा शब्द त्यांनी याआधी हजारदा ऐकला असेल, पण एवढं वजन अंगावर असताना नाही. आहे की नाही? आणि नसेल तर काय आहे? पाय कुठे सोडायचा? कपाट हळूहळू त्यांच्या छातीवर रेलू लागलं.

"अरे, आहे की नाही?"

"माझ्या मते आहे, दाजी."

माझ्या मते! आणि इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. मान वळवून मागे बघितलं. व्हायचं तेच झालं. खांदा वळला, कपाट कललं, भिंतीला घासलं, आणि दाजी कठड्याशी चेपले गेले. पुड्याने वरून सगळा जोर लावून कपाट ओढून धरलं म्हणून निभावलं. पायरी तिथेच होती, जशी असायला हवी तशी.

दोघांनी कसंबसं वळणावर कपाट टेकवलं. दाजी धापा टाकत खाली बसले.

"बहुतेक काय, बहुतेक? पायरी दिसत नव्हती तुला?"

"दिसत होती." पुड्या कपाटाच्या पलीकडून बोलत होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. "दाजी, ती म्हणाली, तुझ्या कुठल्या शब्दावर भार टाकायचा तेच मला कळत नाही. मला वाटलं, बरोबर आहे तिचं. मग ठरवलं, पक्की खात्री असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तर आता बघतोय, खात्री कशाचीच वाटत नाही. पायरी समोर दिसते, तरी वाटतं, आपणच सांगतोय ना, मग नसेल."

आयुष्यात पहिल्यांदा मान वळवून बघावं लागलं, तेव्हा कुठे दाजींच्या लक्षात आलं की आजवर एकदाही बघावं लागलं नव्हतं. ती बाई अंगणात बसून विचारत होती, भरवसा ठेवावा का. आणि ज्याच्या एका शब्दावर आपण रोज स्वतःचं डोकं पणाला लावतो, त्याच्याबद्दल आपल्याला आठवलं काय, तर तब्येत! दाजींना स्वतःची इतकी लाज वाटली की उरलेले दोन मजले त्यांनी पुड्याला खाली घातलं आणि स्वतः वर राहिले.

रात्रीपर्यंत दम धरवला नाही. दुपारीच घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"काय म्हणालात तुम्ही तिला?" तिने पुन्हा विचारलं.

"तब्येत चांगली आहे म्हणालो."

"अहो, नवरा शोधत होती ती, बैल नव्हे!" बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याच्या गोष्टींनी आजवर कुणाचं वाटोळं झालंय? तो न्यायाधीश कपाटात होता असं मानून कुणी कोर्टात गेलं का? गोष्ट ती गोष्ट. आणि सांगणं ते सांगणं. त्याने मला फाटकापर्यंत सोडतो म्हटलं आणि सोडलं नाही, असं एकदा तरी झालं का? तुम्ही स्वतः त्याच्या भरवशावर उलटे चालता, आणि मलाच काय सांगता! जा, पायात चपला घाला."

दाजींनी घातल्या.

चष्मेवाली एका भिंगाची कड घासत बसली होती. दाजी दारातच उभे राहिले, कारण बसलं की आपल्याला गप्प बसायची सवय आहे हे त्यांना माहीत होतं.

"त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही ते नाही असं समजलात. चूक माझी. आज देतो. तो गोष्टी सांगतो त्या सगळ्या हवेतल्या. म्हैस नाही, न्यायाधीश नाही, काही नाही."

"ते मला माहीत आहे, दाजी. मी तक्ता उलटा टांगला होता."

"पण पायरी आहे म्हणाला की असते." दाजींच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात ते एवढं सलग बोलले नव्हते. "मी रोज पाठमोरा उतरतो. अंगावर कपाट असतं. मला काही दिसत नाही. तो सांगतो आणि मी पाय टाकतो. बस, एवढंच. याच्यापेक्षा मोठा शब्द माझ्याकडे नाही."

तिने भिंग उजेडात धरून बघितलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"माझ्याकडे रोज माणसं येतात आणि म्हणतात, दिसतंय, स्पष्ट दिसतंय," ती म्हणाली. "मी तक्ता फिरवते. सवय झालीय. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, दाजी. पण तुम्ही पाय टाकता तो तुमचा. माझा मला टाकून बघायला हवा." मग म्हणाली, "नाहीतरी दुकान हलवायचंच आहे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना जिना चढवत नाही. समोरच, रस्त्याला लागून जागा घेतलीय. येत्या आठवड्यात या. चष्म्यांचं कपाट मी उतरवणार. खालच्या बाजूने."

"तुम्ही?" दाजी म्हणाले.

"मी. कप्पे काढून ठेवीन, हलकं होईल."

ठरल्या दिवशी दाजी आणि पुड्या हजर झाले. खालच्या बाजूला कोण आहे हे बघून पुड्याची पाचावर धारण बसली. दाजी मुकाट्याने तिच्या मागे जाऊन उभे राहू लागले, म्हणजे वेळ पडली तर पाठीला हात लावता येईल.

"तुम्ही नको, दाजी," ती म्हणाली. "तुम्ही मागे असलात तर मी तुमच्या भरवशावर उतरेन. वर जा."

दाजी वर गेले आणि पुड्याच्या पाठीशी उभे राहिले. कपाट घेऊन उतरताना जिना वरून कसा दिसतो, हे त्यांनी आजवर नीट बघितलंच नव्हतं. खाली चष्मेवाली, पाठमोरी, पट्टा खांद्यावर, बोटं कपाटाच्या बुडाशी घट्ट. तिच्या मागे एकामागून एक पायऱ्या खाली गेलेल्या, आणि त्यातली एकही तिला दिसत नव्हती. पुड्याच्या मानेवर घामाचे थेंब उभे राहिले.

कपाट उचललं. ती काठावर येऊन थांबली.

पुड्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. मग म्हणाला, "पायरी... ब—"

"बहुतेक नको," खालून ती म्हणाली. तिने मान वळवली नाही. "सांगणार असशील तर सांग. नाहीतर मी टेकवते आणि घरी जाते."

दाजींना वाटलं, आपणच ओरडावं. पायरी आहे हो, चांगली रुंद आहे, टाका पाय! त्यांनी दात आवळून धरले. मूग गिळायचे तर आज गिळावेत, त्या दिवशी नव्हे.

"पायरी," पुड्या म्हणाला.

तिने पाय सोडला. पायरी होती.

"पायरी," तो पुन्हा म्हणाला, आणि आवाज जरा सुधारला. "पायरी. वळण. पायरी." दाजी मागून बघत होते. पुड्याची नजर कपाटावर नव्हती, जिन्यावर नव्हती. ती तिच्या टाचेवर खिळली होती, आणि टाच हलायच्या आधीच शब्द जाऊन तिच्या खाली पोहोचत होता. इतकी वर्षं आपल्याही टाचेकडे कुणीतरी असंच बघत आलंय, हे दाजींना आज कळलं. ते उगाच कठड्याच्या रंगाकडे बघू लागले.

तळाशी शेवटची पायरी कडेला फुटकी होती.

"थांब," पुड्या म्हणाला. चार शब्दांचा नियम त्याने धाब्यावर बसवला. "ही फुटकी आहे. उजवीकडे मोडलीय. पाय डावीकडे टाक आणि घाबरू नकोस, मी धरलंय."

तिने पाय डावीकडे टाकला. पूर्ण भार टाकून.

"संपल्या," पुड्या म्हणाला.

रस्त्यावर कपाट टेकलं. चष्मेवालीने खांद्यावरचा पट्टा काढला, चष्मा पुसला आणि तो पुसता पुसताच म्हणाली, "मी त्या दिवशी नको म्हणाले होते ना, ते मागे घेतलं."

पुड्या नुसता उभा राहिला.

एवढ्यात शेजारच्या दुकानातला चावीवाला बाहेर आला. त्याने कपाट बघितलं, तिच्या खांद्यावरचा पट्ट्याचा वळ बघितला आणि समोरच्या इमारतीकडे बघितलं. दोन मजल्यांची इमारत तिथेच उन्हात उभी होती.

"बाई, तुम्ही उतरवलंत हे? दोन मजले?"

सगळे पुड्याकडे बघू लागले. किती आठवडे झाले, याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. पुड्याने ओठ हलवले. "दोन," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"दोन कुठले?" चष्मेवाली म्हणाली. "सात."

पुड्याने तिच्याकडे बघितलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याची वाट बघत उभी राहिली. मग त्याच्या तोंडावर ते जुनं हसू हळूहळू चढत गेलं.

"सात," तो म्हणाला. "आणि चौथ्यावर म्हैस. जिन्यात आडवी. हलायलाच तयार नाही. मी म्हटलं, अगं बाई, पुरात मी तुला वाचवलं..."

चावीवाल्याने कपाळाला हात लावला आणि दाजींकडे वळला. "दाजी, तुम्ही तरी खरं सांगा. तुम्ही काही खोटं बोलायचे नाहीत."

दाजींनी इमारतीकडे बघितलं. मेहुण्याकडे बघितलं. त्याच्या होणाऱ्या बायकोकडे बघितलं, तिच्या खांद्यावर अजून वळ होता. मग त्यांनी पट्टा गुंडाळून काखेत मारला.

"म्हैस चौथ्यावर नव्हती," दाजी म्हणाले. "पाचव्यावर होती."